खालचा थर

माझी धाकटी बहीण रोज सकाळी राई झाडायची. लोक अंगण झाडतात तशी. लांब दांड्याचा खराटा, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, आणि एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्यापर्यंत पानं ओढत न्यायची, ढीग करायचा, टोपलीत भरायचा. मध्येच कुठे जांभळाचा कोंभ दिसला की थांबायची, चिमटीत धरून मुळासकट उपटायची आणि तोही टोपलीत टाकायची. मोठी झाडं सोडली तर जमिनीतून वर आलेलं एक पातं तिथे सापडायचं नाही. वाटेने जाणारे चेष्टा करायचे, "काय बाई, इथे भात सांडला तर वेचून खाता येईल!" तीही काही कमी नव्हती. "सांडून तर बघा," म्हणायची, "खराटा माझ्या हातात आहे."

राई तिच्या नवऱ्याची. माझे मेहुणे सुतार होते. राईच्या तोंडाशी त्यांचा कारखाना आणि कारखान्याला लागून राहायच्या दोन खोल्या. त्या खोल्यांमध्ये कायम लाकडाच्या भुशाचा वास. अंथरुणात भुसा, डब्यात भुसा, मेहुण्यांच्या भुवयांत भुसा. राईत जांभळं, शिरीष, करंज, सगळी मेहुण्यांच्या आजोबांच्याही आधीची, एकट्या माणसाच्या कवेत न मावणारी. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची लाकडं कापली, पण स्वतःच्या राईतली फांदीसुद्धा तोडली नाही. व्यापारी यायचे, बुंध्यांवर हात फिरवायचे, उसासे टाकून जायचे. मेहुणे मला म्हणायचे, "ताई, ही खाटकाच्या घरची लाडकी शेळी आहे. हिला फक्त चारा घालायचा."

मेहुणे हिंडतेफिरते होते तोवर राई कोणी झाडत नव्हतं. आत शिरायचं तर हाताने फांद्या बाजूला कराव्या लागत. वर मोठ्या झाडांचं छप्पर, त्याखाली तरणी झाडं, उजेडासाठी मान लांब करून उभी राहिलेली, आणि त्याखाली रोपं, वेली, काटेरी झुडपं, काय वाट्टेल ते. बहीण तेव्हा कुरकुरायची, "यात साप असतील." मेहुणे म्हणायचे, "असतील ना. त्यांनी कुठे जायचं?"

माझी सगळी नोकरी जंगलमोजणीत गेली. नकाशावर नेमून दिलेल्या ठिकाणी जायचं, तिथे पुढच्या फेरीत जागा सापडावी म्हणून लोखंडी खुंटी ठोकायची, तिच्याभोवती टेप धरून गोल आखायचा आणि आतलं प्रत्येक झाड मोजायचं. छातीच्या उंचीवर घेर, मग उंची, मग साल कुठे सडली आहे, शेंडा वाळला आहे का. पण झाडाला हात लावायच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागे. ही जमीन कसली? जंगल, शेत, बाग, वस्ती, की रस्ता? लोकांना वाटतं त्यात काय एवढं, झाडं दिसली की जंगल. तसं नसतं. एकदा मी अख्खी तोडलेली टेकडी पाहिली होती. नजर जाईल तिथवर नुसती खोडं. त्यातल्याच एका खोडावर बसून मी 'जंगल' असं लिहिलं, कारण खोडांच्या मधून रोपं वर येत होती आणि मालक ती वाढू देणार होता. शेळ्या राखणारी एक बाई माझ्या खांद्यावरून डोकावत होती. तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "बाई, घरी गेलात की आधी चष्मा बदला." आणि त्याच हंगामात एका मोठ्या बंगल्यामागे, जिथे आभाळाचा तुकडा दिसत नव्हता इतकी दाट झाडी होती, तिथे मी 'जंगल नाही, बाग' लिहून आले. खाली कापलेली हिरवळ होती. जी झाडं उभी होती ती म्हातारी होऊन मरणार होती आणि त्यांच्या जागी यायला कोणी नव्हतं. खालचा थर नसला तर ते जंगल नसतं. ती नुसती उभी असलेली झाडं.

मेहुण्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते रंधा खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे तुमच्या खात्यात टकल्याला केसाळ म्हणतात आणि केसाळाला टकल्या!" पुढे मी कधीही गेले की कारखान्यातूनच ओरडायचे, "अगं ए, चहा टाक, टकल्यांच्या मॅडम आल्या."

ते पडले त्या राईतच. रोजच्यासारखे संध्याकाळी झाडं बघायला आत गेले होते. जांभळाच्या एका रोपात पाय अडकला आणि खुबा मोडला. या वयात खुबा मोडला म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. पलंगावरून त्यांना खिडकीतून राई दिसायची. बहिणीने त्यांच्यासमोर खराटा उचलला. आधी फक्त पायवाट साफ केली. म्हणाली, "तुम्ही उठाल तेव्हा पायात काही येणार नाही, बघा." मग पायवाटेच्या दोन्ही बाजू. मग या शिरीषापासून त्या शिरीषापर्यंत. ते खिडकीतून बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, "तिला झाडू दे, ताई. तिच्या हाताला काम पाहिजे. मी उठलो की पुन्हा रान माजू देऊ." ते उठले नाहीत. ती झाडत राहिली. ज्या माणसाच्या पायात काही येऊ नये म्हणून झाडायचं तो माणूस गेला, तरी त्याच्या पायात काही येऊ नये म्हणून ती झाडत राहिली. तिची कोणी काय समजूत घालायची?

फक्त नाल्याकडची बाजू तिच्याकडून व्हायची नाही. तिकडे उतार होता आणि तिची कंबर साथ देत नव्हती. तिथे रान तसंच राहिलं. मेहुणे गेल्यावरच्या वर्षांत ते उलट जास्तच माजलं. मोठ्या झाडांच्या खाली पुरुषभर उंचीची जांभळं, त्यांच्याखाली गुडघ्याएवढी, त्यांच्याखाली दोन पानांची. मी गेले की तिकडे जाऊन उभी राहायची. बहीण म्हणायची, "तिकडे काय बघतेस, लाज वाटते मला." मी म्हणायची, "मला जुने दिवस आठवतात." तेही खरंच होतं.

मग रस्त्याची नोटीस आली. पलीकडचा रस्ता रुंद व्हायचा होता, आणि सरळ व्हायचा होता. त्याची रेघ नाल्याच्या बाजूने राईत शिरून कारखाना आणि दोन्ही खोल्या घेऊन बाहेर पडत होती. नियम असा होता की मध्ये जंगल लागलं तर रेघ वळवायची, बाकी काही लागलं तर नाही. घर लागलं तर नाही. कोणाचा नवरा जिथे शेवटचं खिडकीतून बघत होता ती खिडकी लागली तरी नाही. म्हणून रेघेतली जमीन कसली ते ठरवायला मोजणीवाले यायचे होते, माझ्याच जुन्या खात्यातले.

बहिणीने फोन केला तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, धीरच आला. मी मनातल्या मनात राई दोन भागांत कापून बघितली. झाडलेला भाग बाग ठरेल, त्याला इलाज नाही. पण नाल्याकडची पट्टी वेगळी धरण्याएवढी रुंद होती, लांबही होती, आणि रेघ नेमकी तिथूनच शिरत होती. तेवढी पट्टी जंगल ठरली तरी पुरे. रेघ वळली असती, आणि एकदा वळली की घरही सुटलं असतं.

"नाल्याकडचं तसंच आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. पण ताई, ती माणसं येणार, त्यांच्यासाठी काय काय करू?"

"काही करू नकोस गं. मी आधी दोन दिवस येते, मग बघू."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, फार बोललं की ती चिडते. सगळं समोर बसून सांगायचं असं मी ठरवलं होतं.

दोन दिवस आधी जायचं होतं, पण मोजणीवाल्यांचं आधीच्या ठिकाणचं काम लवकर उरकलं. तिचा फोन आला तो संध्याकाळी. "अगं, ते उद्याच येतायत!" आवाजात लगबग होती, लग्नघरातल्यासारखी. मी पहाटेची पहिली बस धरली. बस वाटेत बंद पडली. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी तिला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. नंतर कळलं, ती बाहेर कामात होती.

फाटकाशी पोचले तेव्हा खात्याची गाडी उभी होती. आणि मला आधी वास आला. ज्याने जंगलात आयुष्य काढलं त्याला तो वास सांगावा लागत नाही. ताज्या कापलेल्या हिरव्याचा वास.

बहीण समोर आली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण चेहरा असा फुललेला की मी तिला मेहुणे गेल्यापासून तशी पाहिली नव्हती. "आलीस? बघ तरी! काल सकाळी निरोप आल्या आल्या माणूस लावला, दिवसभर. ते गवत कापायचं मशीन असतं ना, ते घेऊन आला. नाल्यापर्यंत लख्ख केलंय. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांत खुपत होतं ते."

मी तिच्या मागे गेले. कारखान्याच्या भिंतीपासून थेट नाल्याच्या पाण्यापर्यंत सगळं दिसत होतं. मोठ्या झाडांचे बुंधे, त्यांच्यामध्ये भुईसपाट जमीन, आणि तिच्यावर खराट्याचे ओळीने ओरखडे. पलीकडे कुंपणाशी ढीग होता. पुरुषभर उंचीची जांभळं, गुडघ्याएवढी जांभळं, दोन पानांची जांभळं, सगळी एकावर एक. पानं अजून पुरती सुकलीही नव्हती. लालसर कोवळे शेंडे तसेच होते, फक्त माना टाकलेले.

"तुला म्हटलं होतं ना काही करू नकोस?" मी ढिगाकडे बोट केलं.

"असं सगळेच म्हणतात गं," ती हसली. "पाहुणे येणार म्हटल्यावर काय तसंच पसरलेलं दाखवायचं?"

मोजणीच्या चमूत दोघं होते. एक उंच माणूस, त्याला सगळे लंबू म्हणत, तो झाडांची उंची मोजायचा आणि स्वतःच्या उंचीवरचे विनोद ऐकून ऐकून कंटाळलेला होता. आणि चमूची प्रमुख होती ती मुंगी. हे नाव मीच ठेवलेलं. नवी आली तेव्हा इतकीशी होती आणि स्वतःच्या वजनाएवढी पिशवी पाठीवर घेऊन चढण चढायची. माझ्या हाताखाली शिकली. आता तिच्या केसांत पांढरं आलं होतं. मला बघून ती वाकली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही? ही तुमची बहीण?" मी हो म्हटलं. तिने बहिणीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या नजरेत मी वाचलं की तिला कळलं आहे. आम्ही दोघी एका गोष्टीकडे बघत होतो आणि बहीण भलतीच गोष्ट बघत होती.

"काय पण झाडं आहेत!" लंबू मान वर करून म्हणाला.

"आमच्या ह्यांनी एक फांदी तोडली नाही," बहीण म्हणाली. "आणि मी एक पान पडू दिलं नाही."

"पान पडू दिलं नाही म्हणजे झेलता की काय, मावशी?"

"तुझ्या उंचीचा माणूस असता तर वरच्यावर झेललं असतं," ती म्हणाली, आणि तिघं हसले. मी हसू शकले नाही.

त्यांनी खुंटी ठोकली. टेप बाहेर आला. किती वर्षांनी मी तो सरसर आवाज ऐकत होते. मुंगी बुंध्याभोवती टेप गुंडाळायची, आकडा म्हणायची, लंबू नोंदवायचा. बहीण प्रत्येक आकड्याला मान डोलवत होती, शाळेत मुलाचे गुण वाचून दाखवावेत तशी. "तो शिरीष त्यांचा लाडका," ती म्हणायची. "त्याच्या ढोलीत पोपट असायचे." मुंगी ऐकून घ्यायची. मोठी झाडं झाली. मग छोट्या गोलातली रोपं मोजायची पाळी आली. मुंगी गुडघ्यांवर बसली आणि हाताने माती चाचपू लागली. शोधत होती ती. मी तिला ओळखते, ती नुसती बघत नव्हती, शोधत होती. या गोलात नाही. पुढच्यात नाही. नाल्याकाठच्या गोलात नाही. एका ठिकाणी तिला काहीतरी हिरवं दिसलं. तिने वाकून पाहिलं तर वरून पडलेलं पान होतं.

बहीण लाजून पुढे झाली, ते पान उचललं आणि मुठीत घेतलं. "राहून गेलं हो," म्हणाली.

मी मुंगीला बाजूला घेतलं. ढीग दाखवला. "कालपर्यंत उभी होती. पानं बघ, अजून ओली आहेत. मुळं जमिनीत आहेत, पुन्हा फुटतील. तोडलेलं जंगल जंगलच असतं. तूच टेकड्या लिहिल्या आहेस तशा."

"माहीत आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मी तेच लिहायला बघते आहे. पण मला विचारावं लागेल."

विचारावं लागतं, हे खरं. तोडलेली जागा जंगल धरायची की नाही हे मालकाच्या मनावर असतं. पुढे तो वाढू देणार असेल तर जंगल. नसेल तर नाही. हा प्रश्न मालकालाच विचारायचा आणि मालकानेच उत्तर द्यायचं. शेजारी, नातलग, दलाल, कोणी मध्ये तोंड घातलं तर ते उत्तर बाद. हा नियम मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायची, कारण लाकडाचे व्यापारी मालकाच्या कानाशी लागून काय वाट्टेल ते वदवून घेत. म्हणून चमू समोर असताना मीही बहिणीच्या कानाशी लागू शकत नव्हते.

मुंगी बहिणीसमोर उभी राहिली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "मावशी, एक विचारते. हे नाल्याकडचं काल साफ केलंत. आता पुढे काय करणार? पुन्हा झाडं येतील, ती येऊ देणार ना?"

मी बहिणीकडे बघत होते. माझ्या सगळ्या अंगाचे डोळे झाले होते. हो म्हण. एवढंच म्हण. आयुष्यभर तू माझ्या प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणून मग हो म्हणत आलीस, आज उलटं कर.

तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, ही बाई तिच्या कामावर शंका घेते आहे. काल केलं ते फक्त दिखाव्याचं, असं म्हणते आहे.

"छे छे," ती म्हणाली. "आता नाही येऊ देणार."

"अगं, पण..." मी बोलून गेले.

"मॅडम," मुंगीने हात वर केला. रागाने नाही. "थांबा. पुढे तुम्ही बोललात तर मला काहीच धरता येणार नाही." मग ती बहिणीकडे वळली. नियमाप्रमाणे एकदाच विचारायचं असतं. तिने दुसऱ्यांदा विचारलं, शब्द बदलून, जितकं सांगता येईल तितकं प्रश्नातच घालून. "मावशी, नीट विचार करून सांगा. रोपं आली तर ठेवलीत तरी चालेल. कोणी नावं ठेवणार नाही. ठेवाल का?"

बहीण ताठ उभी राहिली. तिने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं.

"हे बघा, बाई," ती म्हणाली. "माझा माणूस असल्याच एका रोपात पाय अडकून पडला. माझ्या हातात जोर आहे तोवर इथे एक काडी उगवू देणार नाही. तुम्ही कधीही या. न सांगता या. हे असंच दिसेल. लिहून घ्या माझ्या नावाने."

वर कुठेतरी एक पक्षी ओरडत होता. लंबूने मान खाली घातली होती. मुंगीने लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती.

जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं नाही, तिचे खांदे धरले. "बरोबर केलंस," मी म्हटलं. काय म्हणणार होते? तिने खोटं लिहिलं असतं तर मला तिचा राग आला असता की नाही, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. मला वाटतं, आला नसता. आणि ते जास्त वाईट आहे.

गाडी गेली. बहीण कपबश्या गोळा करत होती. "चांगली वाटली माणसं," ती म्हणाली. "प्रत्येक झाडाला हात लावून बघितलं. आता वळवतील ना रस्ता?"

मी तिला कारखान्याच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. टकल्याचं आणि केसाळाचं, जे तिने मेहुण्यांच्या तोंडून हसत हसत कितीदा ऐकलं होतं, आणि कधी समजून घ्यायची वेळ आली नव्हती. ती ऐकत होती. कपबशी मांडीवर होती.

"म्हणजे ती रोपं होती म्हणून जंगल होतं?"

"हो."

"आणि मी वाढू देते म्हटलं असतं तर?"

मी तिच्या मांडीवरची कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"तिने दोनदा विचारलं, ताई." ती म्हणाली. "मला वाटलं, माझी परीक्षा घेते आहे. साफ ठेवते की नाही."

मग म्हणाली, "खात्यात एवढी शिकलेली माणसं. त्यांना एवढं कळत नाही का, की कोणी घरी येणार म्हटलं की बाई घर आवरते?"

मी अर्ज केला. पुन्हा तपासणी करा, असं लिहिलं. जुन्या ओळखी काढल्या, जिने चढले, गुडघे धरून खुर्च्यांवर बसले. ज्यांना मी कामाला लावलं त्यांनी मला पाणी दिलं आणि 'मॅडम, तुम्हाला तर नियम माहीत आहेत' असं सांगितलं. उत्तर आलं की वर्गीकरण नियमानुसार झालेलं असून मालकाचा जबाब स्पष्ट आहे. खरंच होतं ते. इतका स्पष्ट जबाब मी माझ्या अख्ख्या नोकरीत ऐकला नव्हता.

बहिणीने खराटा कारखान्यात नेऊन मेहुण्यांच्या करवतींच्या शेजारी टांगला. ती झाडायची थांबली. मी तिच्यापाशीच राहायला गेले, तिला एकटीला सोडवेना. राईत पानं साचू लागली. आधी विटकरी, मग तपकिरी, मग काळी. त्यांच्यावरून चालताना पाय रुतायचे. पाऊस येऊन गेला आणि पानांच्या थरातून जांभळाचे कोंभ वर आले. एकदोन नाही. जिथे बघावं तिथे. कापलेल्या मुळांतूनही धुमारे फुटले, दांडगे, कोवळ्या लालसर पानांचे. इतकी वर्षं उपटून उपटून ज्यांना वर येऊ दिलं नव्हतं ते सगळे जणू वाटच बघत बसले होते. कारखान्याच्या भिंतीला खेटून, पायवाटेच्या मधोमध, मेहुण्यांच्या खिडकीखाली. इतका चांगला खालचा थर मी जन्मात पाहिला नाही.

त्याच दिवसांत रस्त्याची माणसं येऊन रेघ आखून गेली. राईतून सरळ, लाल रंग लावलेल्या लाकडी खुंट्या. बुंध्यांवरही लाल फुल्या. लाडक्या शिरीषावर एक, ढोलीच्या जरा खाली.

"ताई," बहीण एका सकाळी म्हणाली, "तुझ्या त्या मुंगीला फोन लाव ना. म्हणावं, आता येऊन बघ."

मी फोन लावला. बहीण समोर पायरीवर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

मुंगीने सगळं ऐकून घेतलं. "किती आली आहेत, मॅडम?" तिने विचारलं. मी सांगितलं, मोजता येणार नाहीत इतकी. ती म्हणाली, "ते ठिकाण पुढच्या फेरीत येईल, काही वर्षांनी. तोवर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. मीच येईन बहुतेक. खुंटी शोधायला. मला तिथे रस्ता लिहावा लागेल, मॅडम."

मी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

बहिणीने मान हलवली. तिच्या तोंडावर थोडा उजेड आला. असा उजेड मी त्या सकाळी फाटकाशी पाहिला होता, म्हणून मला तो आता बघवेना. तिने कोपऱ्यातली झारी उचलली, पिंपातून भरून घेतली आणि राईत शिरली. प्रत्येक पाऊल आधी चाचपून टाकत होती, रोप चिरडू नये म्हणून. लाल खुंट्यांच्या अलीकडे पाणी घातलं, पलीकडे घातलं. एका खुंटीच्या अगदी बुडाशी दोन पानांचं एक रोप होतं. तिने कंबरेवर हात ठेवला, कशीबशी वाकली आणि त्यालाही घातलं.

"जपून गं," मी पायरीवरून म्हटलं, "पायात येतील."

"येऊ देत," ती म्हणाली.